अर्धा क्लच

वाढे फाट्यावर, टायरवाल्याच्या शेजारी,
इम्तियाज बागवानच्या पत्र्याखाली
दोन गाड्या उभ्या. दोन्ही दोन दारांच्या, दोन्ही लाल.
एकीचा लाल अजून ओला,
दुसरीचा वाळल्या मिरचीचा.
"ही ऑटोमॅटिक, मॅडम. पुण्याच्या डॉक्टरची.
चौतीस हजार चाललीय. नुसतं बसायचं.
अन् ही मॅन्युअल. हिला अंग लागतं,"
म्हणाला, आणि माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

माझा डावा गुडघा साताऱ्यात बऱ्याच जणांना माहीत आहे.
सत्तावीस वर्षं गोडोलीत ड्रायव्हिंग स्कूल.
डाव्या सीटवर मी, पुढ्यात स्टेअरिंग नाही,
पायाखाली तेवढी क्लच-ब्रेकची जादा जोडी.
प्राध्यापक, फौजदाराची बायको, नुकती अठराची झालेली पोरं
पोवई नाक्याच्या चढावर घाम पुसत म्हणायची,
"जमलं की हो!"
जमवत होता माझा पाय.
माझी म्हणून गाडी होती ती हीच,
डोक्यावर पिवळी पाटी असलेली.

आधी ऑटोमॅटिक नेली, हायवेनं लिंब खिंडीपर्यंत.
खोटं कशाला बोलू, लोणी.
दुसरा कधी, चौथा कधी, तिचं ती ठरवत होती,
आतल्या खोलीत थोरामोठ्यांनी ठरवावं
आणि आपल्याला पोह्यांचा ट्रे उचलताना कळावं, तसं.
डावा पाय मात्र दर वळणाला
रिकाम्या चटईवर दाबत राहिला.
इम्तियाज हसला. "जाईल सवय, मॅडम."
मी म्हटलं, हो. जाईल.

डॉक्टर तारळेकर परवाच म्हणाले,
"क्लच सोडा, नाहीतर वाटी बदला."
भाचा म्हणतो, मावशी, आता सगळीकडं ऑटोमॅटिकच,
विकताना गिऱ्हाईक तरी मिळेल.
अजून घेतली नाही, तोवर विकायची गोष्ट.
पण हिशेब त्याचा बरोबर होता.

मग दुसरी.
गिअरच्या बोंडावर एक आणि पाच शाबूत,
दोन आणि तीन पुसून गेलेले.
म्हणजे मालक घाटातला.
क्लच पार वर आल्यावर पकडत होता,
म्हणजे त्यावर पाय ठेवून चालवायची खोड.
मी शेजारी असते तर बोलले असते त्याला.
तिसरा पडताना किंचित खर्रर्र.
"सिंक्रो गेलाय. आठ हजार कमी करा,"
आणि समर्थ मंदिर मागं टाकून यवतेश्वरचा घाट धरला.

दुसरा. तिसरा. परत दुसरा.
बोंडावर माझा हात,
आणि त्याखाली कुणाचा घामेजलेला हात नाही.
सातारा खाली खाली जात राहिला, आरशात मावेल एवढा.
एका वळणावर वरून वाळूचा डंपर आला,
थांबले, आणि निघताना
बंद पडली.

पडली कसली. मी पाडली.
मागं जीपवाल्याचा हॉर्न.
इम्तियाज काचेबाहेर अजिंक्यताऱ्याकडं बघत बसला,
शहाणा माणूस.
शेजारी दुसरा क्लच नव्हता.
तेवढ्यात माझाच आवाज आला, स्कूलमधला:
घाबरू नका. हँडब्रेक. न्यूट्रल. चावी.
आता पहिला. सोडत या, सोडत या,
इंजिनाचा सूर बदलला की तिथंच थांबा.
थांबले.
चवड्याखाली गाडी भरून आली,
दावं ताणून उभ्या राहिलेल्या वासरासारखी.
मला हसू फुटलं. मोठ्यानं. स्वयंपाकघरात एकटी असताना फुटतं तसं.
जीपवाला हॉर्न वाजवायचा थांबला.

विसार दिलाय. अकरा हजार, रोख.
सिंक्रोच्या आठावर तो पाच म्हणतोय,
उद्या परत जाणार आहे भांडायला.
भाच्याला अजून सांगितलं नाही.

रात्री मिठाच्या पुरचुंडीनं गुडघा शेकत पडले होते.
दुखत होता, चांगलाच.
चादरीखाली पाय आपला आपण खाली गेला,
अर्ध्यावर आला,
आणि तिथंच धरून राहिला.