शेऱ्याचा रकाना

ग्रामसेवक म्हणाले, मार्चअखेर यादी साफ पाहिजे.
नळाची बिलं आता ई-मेलनं जातात
आणि आठशे छप्पन्नांपैकी तीनशे अकरा
गेल्या पावली परत येतात.

आमच्या खोलीला लागूनच जिनिंग आहे.
सीपीयूच्या पंख्यात रुई जाऊन बसते,
दर शनिवारी मी ती जुन्या टूथब्रशनं काढते.
हिवाळाभरात निघते एका दिव्याची वात होईल एवढी.

मग बसते.
ज्यांच्यात ॲट नाही ते आधी,
ज्यांच्यात दोन आहेत ते नंतर.
जीमेलचं गमील, जीमेलचं जेमिल,
कॉमचं कॉन झालेले एकोणतीस,
ते मी न विचारताच दुरुस्त करते,
पुढं चालणाऱ्याच्या पाठीवरचं कुसळ
आपण हळूच काढून टाकतो तसं.

चिंतामण लिचडेंनी आधार नंबर दिला आहे.
एकानं लिहिलंय 'नाही'.
त्याच्याच भावानं 'नाही नाही'.
एका ठिकाणी 'पोराले विचारा',
आणि पोरगा चाकणला, नंबर बदललेला.

थुलांच्या यशोधरेचा पत्ता
'एंजल यशू बारावी ब' असा सुरू होतो.
ती आता अंगणवाडीत आहे, दोन मुली आहेत.
खिचडीच्या गंजाशी उभी होती, तिथंच विचारलं,
हा चालू आहे का गं?
लाजली. म्हणाली, मायबाई, उघडतच नाही मी तो,
पासवर्ड त्याचंच नाव होतं.
कोणाचं वो?
तर गंजात पळी फिरवत राहिली.

आणि ढोक सायबर.
एकशे सदतीस घरांचा एकच पत्ता.
फॉर्म भरायला येईल त्याला
प्रफुल्ल ढोकनं आपलाच लावून दिला, वीस रुपयांत,
पाहुण्याला हात पुसायला घरचा दुपट्टा द्यावा तसा.
तो आता बुटीबोरीला सूतगिरणीत आहे.
फोन केला. मशीनच्या आवाजातून ओरडून सांगितलं त्यानं:
ताई, पासवर्ड दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिला होता.
भिंत रस्त्यात गेली.

तपासणीला मात्र हा पत्ता फार आवडतो.
ॲट आहे, डॉट आहे, मधे मोकळी जागा नाही,
पत्र परत येत नाही. हिरवी खूण.
ग्रामसेवक म्हणाले, ते राहू द्या, ते बरोबर आहेत.
म्हणजे एकशे सदतीस घरांची बिलं
दर महिन्याला व्यवस्थित पोचतात
आणि कोणालाच मिळत नाहीत.
मी अहवालात 'यशस्वी' लिहिलं.
तिथं दोनच पर्याय होते.

साडेपाचला, लाईन जायच्या बेतात,
ओळ सहाशे दोन. उईके सुगंधा झिंगू.
ज्यानं कोणी हा फॉर्म भरला
त्यानं विचारलं असेल, आजी, पत्ता सांगा,
आणि ती बोलली ते जसंच्या तसं
ई-मेलच्या रकान्यात उतरवलं:

मी घरी नसन तं नाल्यापल्याडच्या धुऱ्यावर पाहाजा. जोरानं हाक मारजा. कानाले कमी आयकू येते.

मोकळ्या जागा तेरा. ॲट शून्य. लाल.

नियम असा की लाल ते पुसायचं.
बोट त्या बटणावर होतंच.
शेजारी जिनिंगचा पट्टा थांबला, एकदम शांत झालं,
आणि मला वाटलं, यादीतल्या आठशे छप्पन्नांमधे
हा एकच पत्ता असा आहे
जिथं गेलं तर माणूस भेटेल.

कापला. शेऱ्याच्या रकान्यात चिकटवला.
ई-मेल रिकामा ठेवला, जतन केलं.

शेऱ्याला सत्तरच अक्षरांची मुभा आहे.
'जोरानं हाक मारजा' इथपर्यंत बसलं.
कानाचं मी लक्षात ठेवते.