तळवा आणि टाळू

जिप्सीचं बाकी सगळं झालं होतं.
इंजिन इथंच, उद्यमनगरात बांधलेलं,
पाटे उचललेले, चाकं ट्रॅक्टरला शोभतील अशी,
पुढं विंच, मागं डिझेलचे दोन कॅन.
राहिलं होतं छत.
जुना स्पंज भुगा होऊन झडायचा
इंगवले वकीलबाईंच्या केसांत, चहात,
एकदा म्हणे थेट वकीलपत्रावर.

"करडं कापड घाला," त्या म्हणाल्या, "नक्षी नको.
रविवारी मी चिखलात असते."

तीन दिवस पत्रा खरवडला.
नाकात गंज, पापणीवर गंज,
वर बघून बघून रात्री ताटापुढं
मान खाली येईना.
हार्डबोर्ड कापला, नवा स्पंज डकवला,
सोल्यूशन लावून कापड ताणलं.
दुपारी पत्रा तापला
आणि मधोमध पोट सुटल्यागत लोंबलं.
दुसऱ्यांदा तेच.
तिसऱ्यांदा मी शिवी घातली,
कापडाला की उन्हाला, आठवत नाही.

आण्णा डबा घेऊन आले होते, सुभाषनगरातून चालत.
पन्नास वर्षं चपला केल्या त्यांनी,
पन्नास वर्षं मान खाली,
आता ती वर जातच नाही.
मग छत दाखवायचं कसं?
मागची सीट पाडली, गोणपाट अंथरलं
आणि आण्णा उताणे झोपले जिप्सीत,
गुडघ्यापासून पाय बाहेर.

बराच वेळ नुसते बघत राहिले.
मला वाटलं, डोळा लागला.
"चिकटवतोस कशाला रं?
सोल्यूशनचं आन् उन्हाचं कधी जमलंय?
टाका घाल."
"छताला टाका?"
"तळव्याला घालतो, मग टाळूला का नगं?"

बोर्ड उतरवून त्यांच्या मांडीवर दिला.
रापीनं दिव्याचं भोक कापलं,
एका फिरक्यात, वाटी पालथी घालून आखल्यागत.
मग आरी, मग मेणाचा दोरा,
कडेनं चामड्याची बारीक वेणी.
शेजारचा लेथवाला मोमीन मशीन बंद करून बघायला आला
आणि स्वतःच्या चपलेकडं बघत परत गेला.

बसवताना तिसरा हात पाहिजे होता.
आण्णा परत आडवे झाले,
"पाय लावू का वकीलबाईंच्या छताला?"
लावा म्हटलं. तरी आधी
तळवे धोतराला पुसले त्यांनी,
आणि दोन्ही पायांनी
बोर्ड वर दाबून धरला,
मी बावीस स्क्रू पिळेपर्यंत.

तीन आठवड्यांनी गाडी आली,
गगनबावड्याच्या पलीकडनं कुठून तरी,
आरशापर्यंत चिखल.
कापड ढोलाच्या पानासारखं ताठ,
फक्त डाव्या सीटच्या वर
तेलाचा एक गोल डाग.
"कुणाचं डोकं?"
"आमच्या ह्यांचं," वकीलबाई म्हणाल्या. "खड्डा मोठा होता."

मी रॉकेलचा बोळा घेतला.
आण्णांनी हात धरला.
"ऱ्हाऊ दे. अंगठ्याचा ठसा पडल्याबिगार
चप्पल तरी कुठं मालकाची होती?"

मागच्या कोपऱ्यात एक सुरकुती आहे,
बोटभर. ती माझ्या हातची.
उभ्या माणसाला दिसत नाही,
बसलेल्यालाही नाही.
आण्णा दोनदा झोपले होते तिथं, उताणे.
काही बोलले नाहीत.