वाळेपर्यंत

अडुसष्टाव्या वाढदिवसाला थोर्किलनं अंथरुणात कॉफी आणली.
ट्रेमध्ये पाव, पावात खोचलेला कागदी झेंडा,
आणि उंबऱ्याला अडखळून
अख्खा कप माझ्या दुलईवर.

त्याच्या नाही. माझ्या.
आमच्याकडे पलंग एक, दुलया दोन.
लग्नात सासूबाईंनीच दिल्या, शेजारच्या बेटावरच्या बदकांच्या,
"ओढाओढी नको," म्हणाल्या.
बेचाळीस वर्षांत झाली नाही ओढाओढी.
कशाचीच.

मशीन पडलं सात किलोचं.
दुलई कोरडी असते तेव्हा मांजराएवढी,
भिजली की वासरू.
म्हणून टब. कोमट पाणी. साबण चमचाभर, वर एक थेंब नाही:
जास्त झाला की पिसांतलं तेल जातं
आणि मग उरतो तो कचरा.
(हे एक उशी वाया घालवून शिकले आहे.)

ती बुडेना.
इकडून दाबली की तिकडून फुगायची,
सीलसारखी पाठ वर काढायची.
थोर्किल दारात उभा, अपराधी,
म्हणाला, मी शिरू?
विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, नळाला धरलं,
आणि त्या पांढऱ्याफटक पोटऱ्या
जागच्या जागी चालायला लागल्या.
डॉक्टरनं रोज अर्धा तास सांगितलंय.
आज इथेच झाला.

पाणी चहासारखं. वास ओल्या बदकाचा.
चार वेळा बदललं, पाचव्यांदाही गढूळच निघालं:
बेचाळीस वर्षांचा माझा घाम,
दोन बाळंतपणं, एक न्यूमोनिया,
आणि रडणं, जे मला वाटायचं उशीत जातं.
थोर्किलनं पाण्याकडे पाहिलं.
काही बोलला नाही. चालत राहिला.

पिळायची नसते. दाबायची, निथळू द्यायची, पुन्हा दाबायची.
मग दोघांनी पाटीतून मागच्या दारानं अंगणात.
कुंपणापलीकडून असगर ओरडला, कोण गेलं?
नंतर ओशाळून कुत्र्याचे दोन टेनिस चेंडू दिले,
ड्रायरमध्ये सोबत टाकायला, पिसं मोकळी होतात म्हणे.
आमच्याकडे ड्रायर नाही.
चेंडू थोर्किलनं कुत्र्यालाच टाकले, संध्याकाळभर.

लिमफ्योर्डवरून वारा होता, तरी मे महिना तो मे महिना.
कप्प्याकप्प्यात पिसांचे गोळे बसलेले.
बोटांनी चाचपायचे, फोडायचे, उलटायची, परत तासाभरानं.
वरून कोरडी लागते. तिथे फसायचं नाही.
मूठ आत खोल दाबायची आणि मग गालाला लावायची.
गार लागली
तर अजून आहे ओल.

पहिल्या रात्री त्याच्या एका दुलईत दोघं.
एकशे चाळीस सेंटिमीटर; मी मोजून पाहिली.
त्याची पाठ बाहेर, माझे पाय बाहेर.
ओढाओढी झाली.
मध्यरात्री तो म्हणाला, इंगेलिसे, तुझी ढोपरं.
मी म्हटलं, तुझं घोरणं.
मला वाटायचं घोरणं त्या कुशीवर असतं, लांब,
फ्योर्डपलीकडे.

दुसऱ्या रात्री थोडं जमलं.
तिसऱ्या दिवशी दुपारी मूठ गालाला लावली: ऊबदार.
कप्पे फुगलेले, हलके, एकही गोळा नाही.
थोर्किल आला, दोरीपाशी उभा राहिला,
एक कोपरा दोन बोटांत धरून म्हणाला,
इथे मला अजून जरा ओली वाटते.

ओल चाचपायची त्याला कधीच कळली नाही.
त्याला रुमालसुद्धा ओला की कोरडा कळत नाही.
मी म्हटलं, असेल.

चौथ्या दिवशी पाऊस आला, मग आत घ्यावीच लागली.
डाग पुरता गेला नाही.
बशीएवढी फिकट तपकिरी कडा राहिली आहे.
अंथरताना मी दुलई फिरवून घेते,
डाग त्याच्या बाजूला येईल अशी.
पहाटे कधीतरी तिथून एक पाय आत येतो,
गार,
काही न विचारता.