आठाचा आटा

काडेपेटीत मोडका स्टड घेऊन
मी गणपती पेठेत हिंडतेय.
अर्धाच आहे. उरलेला अर्धा
इंजिनाच्या ॲल्युमिनियममध्ये रुतून बसलाय.

ललवाणींच्या दुकानातला पोरगा
नखानं गंज खरवडतो, "अडीच सूत," म्हणतो,
आणि मूठभर नट काउंटरवर ओततो.
दोन फेरे गुण्यागोविंदानं जातात.
तिसऱ्याला अडतात.
"जरा पाना लावून दाबा मॅडम, बसतंय."

बसतंय.
तीस वर्षं मी चौदा टाइपरायटर असेच बसवत आले,
याचा स्क्रू त्याला, त्याचा ह्याला,
शेवटी अक्षरं ओळ सोडून चालायला लागली.
मला तिसरा फेरा कळतो.

गाडीचं सांगायचं राहिलं.
इन्स्टिट्यूट बंद केली, मशिनं किलोवर गेली,
त्या पैशात भर घालून आणली
तासगावच्या एका बेदाणेवाल्याच्या शेडमधून.
कासवाची पाठ, डिकी पुढं, इंजिन मागं.
"हिला पाणी घालायचंच नाही," तो म्हणाला,
"वाऱ्यावर चालते."
आणि दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात
तीच बाई तीन दिवस कृष्णेत उभी,
गावभागात, टपापर्यंत.
माणसं बोटीतून तिच्या वरून गेली.
मीसुद्धा.

गाळ धुतला. त्याला हळदीचा वास होता.
मग दिवाळीनंतर बघू, मग उन्हाळ्यात बघू.
यंदा सायलेन्सर खोलायला घेतला:
आठ स्टड, सात सुटले,
आठवा करकरला आणि एकदम हलका झाला.
ज्यानं पाना धरलाय त्यालाच माहीत तो हलकेपणा,
अंधारात जिन्याची एक पायरी जास्त मोजावी तसा.

निहाल बागवानच्या भंगारात
जीप आहे, लूना आहे, रोडरोलरचं अख्खं चाक आहे,
माझ्या टाइपरायटरचा एक रूळही दिसला,
त्यावर कुणीतरी दार टेकवलंय.
त्यानं चहा पाजला. "कुपवाडला जावा, एमआयडीसीत.
मगदूम. बोलत न्हाईत. पण बघतील."

पायगोंडा मगदूम बघतात.
गेजची पाती पंख्यासारखी उलगडून
एकेक आट्यावर टेकवतात, ट्यूबलाइटकडं धरतात.
फटीतून उजेड येतो. नाही.
येतो. नाही.
येत नाही.
"आठ. सव्वाचा पिच."
एवढंच.
मला रडू यायचं काही कारण नव्हतं.

रविवारी पिशवी हँडलला अडकवून घरी आले.
मोडक्याच्या भोवती गॅसची ज्योत फिरवली,
देवापुढची मेणबत्ती मागितली, टेकवली.
मेण वितळून आट्यात शिरलं,
थांबले. पुन्हा तापवलं. पुन्हा थांबले.
मग पकडीत धरून असा फिरवला
जणू तो स्वतःच निघायचं म्हणत होता.

नट त्यांनी लेथवर काढून आणले होते,
अर्थिंगच्या कांबीतून, तांब्याचे.
"लोखंडाला लोखंड तापलं की लग्न लागतं.
मग सुटत न्हाई, मोडतंय.
कुणीतरी हरायलाच पाहिजे असंल
तर नट हरू दे. दहा रुपयाचा आहे."
आठ हवे होते, नऊ आणले.
नववा कशाला, विचारलं.
उत्तर दिलं नाही. हात धुवायला गेले.

गाडी तिसऱ्या प्रयत्नात लागली.
शेजारच्या जिनपालनं गॅलरीतून टाळ्या वाजवल्या,
मग धुरामुळं आत गेला.
"गार झाली की परत आवळा," मगदूम म्हणाले,
"राग धरून न्हाई. हातात येईल तेवढंच."

ते गेले. मी स्टुलावर बसलेय,
मांडीवर पाना, काडेपेटीत नववा नट.
इंजिन गार होतंय, आणि गार होताना
टक्,
बराच वेळ काही नाही,
टक् टक्,
पहिल्या दिवशीची एखादी पोरगी
कीबोर्डवर वाकून
एकेक अक्षर शोधत असावी तसं.
मी मध्ये बोलत नाही.
सापडू दे तिला.