पोचुं की कडक

लालबागचा पूल उतरला की पहिला,
मांजलपूरच्या शाळेपाशी दोन, जोडीनं,
आणि वसाहतीच्या तोंडाशी तो कुबडा,
कुणीतरी रात्रीतून डांबर ओतून केलेला,
पट्टे न मारलेला.
दांडिया बाजार ते मकरपुरा, सतरा गतिरोधक.
मी ते रस्त्यावर नाही मोजले,
हेरंबच्या तोंडून मोजले.
प्रत्येकावर तो म्हणतो,
"काही नाही."

कमरेतले दोन मणके स्क्रूंनी आवळल्यापासून
गाडीत त्याचं बोलणं एवढंच.
वरच्या दांडीला धरून बसतो,
खड्डा यायच्या आधीच श्वास रोखतो,
आणि मी, त्याला फॅक्टरीच्या फाटकाशी सोडून
पुढे जाते माझ्या कामावर,
जिथं मी दिवसभर प्रेशर गेज तपासते.

साधा गेज पंपाला जोडला की काटा थरथरतो,
इतका, की आकडा वाचता येत नाही.
म्हणून आत ग्लिसरीन भरतात.
दाब तेवढाच असतो. काटाही हलतो.
पण जाऊन, उगाच माघारी न फिरता,
जिथं थांबायचं तिथं थांबतो.
हे मला एकवीस वर्षं ठाऊक आहे
आणि घरच्या गाडीखाली वाकून बघायला
मला एकवीस वर्षं लागली.

प्रतापनगरला याकूबभाईंनी बॉनेटवर
दोन्ही हातांचा भार दिला, सोडला.
गाडी डुलली. तीनदा, आणि वर थोडी.
"बेन, पोचुं जोईए के कडक?"

त्यांच्या भाषेत पोचुं म्हणजे मऊ.
माझ्या भाषेत पोचा म्हणजे
पातेलं पडल्यावर त्याला जो येतो तो.
बडोद्यात जन्म गेला तरी
या शब्दापाशी मी दर वेळी जराशी अडखळते.

पोरानं लाल स्प्रिंगा आणून दाखवल्या,
गाडी दीड इंच खाली बसते म्हणे, रुबाब येतो.
याकूबभाईंनी त्याला नुसतं बघितलं.
मग अगदी मऊ जोडी होती, तेलाची,
ती लावलेल्या एका गिऱ्हाइकाची बायको
वाघोडियापर्यंत पिशवी तोंडाशी धरून बसायची.
नाव नांगरल्यासारखी डुलते हो ती,
खड्डा मागं राहतो, डुलणं सोबत येतं.

स्प्रिंग भार झेलते, ते म्हणाले,
पण तिला विसरता येत नाही.
विसरायचं काम दुसऱ्याचं.

शेवटी कंपनीच्याच उंचीच्या स्प्रिंगा,
गॅसचे डँपर, मधल्या ताकदीचे,
वरचे माउंट नवे, रबरी बुश सगळे नवे,
आणि टायर एक माप जाड, हवा तीस.
चौदा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च?
याकूबभाईंनीच विचारलं, बिल लिहिता लिहिता.
मी म्हटलं, गाडीवर नाही.
त्यांनी पेन थांबवलं, हजार रुपये खोडले,
वर काही बोलले नाहीत.

सोमवारी लालबागचा पूल उतरला.
पहिला गेला. चाकाखाली होता, हातांना कळला.
शेजारून काही नाही.
म्हणजे, "काही नाही" नाही.
शाळेपाशी मी मुद्दाम जराही हळू केलं नाही,
दोन्ही गेले, धप् आणि धप्, एकेकदाच,
दांडीवरचा हात मांडीवर आला होता.
डावीकडं पुढं कुठंतरी बारीक टकटक राहिलीय,
ती शनिवारी दाखवायची.

कुबड्यापाशी मी पाय ठेवला
तेव्हा तो बोलला, आठ महिन्यांनी
पहिलं अख्खं वाक्य, कपाळाला आठ्या घालून:
"तू ना, ब्रेक फार उशिरा मारतेस.
लग्नाआधीपासून सांगतोय."

मी म्हटलं, मग चालव तू.
तो म्हणाला, चालवीन.
मी म्हटलं, चालवशील, क्लच दाबून दाखव आधी.
फाटकाशी पोचेपर्यंत आम्ही भांडत होतो.
वॉचमननं सलाम केला तरी
दोघांचंही लक्ष नव्हतं.