कलम सातवे

तहात तेरा कलमे होती.
सहावे चौदा घोड्यांचे,
आठवे माण नदीकाठच्या बागायतीचे,
मध्ये मी.
"मुलगी एक द्यावी", एवढेच.
घोड्यांचे रंग लिहिले होते,
कुमेत पाच, पंचकल्याणी दोन, अबलख सात.
पडद्याआड बसून मी ऐकत होते
माझे नाव कधी येते ते.

चिमाऊ होते.
विट्याकडच्या गढीत नऊ वर्षे
त्या नावाने मला जेवायला हाक मारली.
म्हसवडला मेणा टेकला
तेव्हा ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरे लिहिले, सगुणा.
दुसऱ्या दिवशी तोच तांदूळ शिजला,
मीही जेवले.

सासू वाईट नव्हती.
फक्त माझ्या माहेरचे तूप
आधी मांजरीला चाटवायची.
तीन दिवाळ्या मांजर जगली,
मग मला विहिरीवर एकटीला जाऊ दिले.

नवरा बरा होता. हसला की डावा गाल आत जायचा.
अंधारात विचारायचा, "तुझा भाऊ डावखुरा ना?"
"लहानपणी होता," मी म्हणायची.
एवढीच एक गोष्ट मी माहेरची राखली.

अकराव्या साली त्याच भावाने वेढा घातला.
बुरुजावरून राहुट्या दिसत.
दिवेलागणीला तिकडून वास यायचा,
हुलग्याच्या माडग्याचा,
आमच्याच गावच्या फोडणीचा.
इकडच्या जखमांसाठी मी हळद कालवत होते.
तोफ बोलली की काळजात धस्स व्हायचे,
कुणासाठी, ते विचारू नका.

पांढरे फडके दाखवत कासार आला.
माझी मूठ दाबत पुटपुटला,
"दादासाहेब पुसतात, किती दिवस पुरतील बांगड्या?"
कोठारातले दाणे विचारत होता.
सासू दारात उभी.
मी म्हणाले, "हातात आहेत तेवढ्याच.
त्याने फोडल्या, तर नव्या भरायला पाठवू नको म्हणावं."

त्या रात्री सासूने माझ्या हातचा भात
थेट तोंडात घातला.

वेढा उठला. पाणी आटले म्हणतात,
कुणी म्हणते, वरून पत्र आले.
मला कोण सांगणार.

आज पुन्हा तह.
रंगोपंत बोरू टोकरतात.
माझी ठकू उंबऱ्यावर,
मुठीत पडलेला दात,
माळवदावर टाकून देणारे कुणी मोकळे नाही.

"पंत, घोड्यांचे रंग लिहिता. पोरीचे नाव लिहा."
"वहिवाट नाही, बाईसाहेब."
"मग घोडेही नुसते घोडे लिहा."

सदर गप्प.
कुणीतरी खाकरले.
मग कागदावर करकर सुरू झाली, बराच वेळ.

मला वाचता येत नाही.
दोनच अक्षरांचे नाव,
ऐकून ओळखावे म्हटले,
पण मोडी लिहिताना
बोरू उचलत नाहीत.