पाठ मैदानाकडं

मंडलिक सरांनी नियमांचं पुस्तक नंतर दिलं,
आधी दिला ब्रश, खिशात मावेल एवढा.
म्हणाले, होमप्लेट झाडताना फिरून पुढं यायचं,
पाठ मैदानाकडं, तोंड लोकांकडं.
वाकायचं तर माणसांसमोर वाकावं,
माणसांकडं पाठ करून नव्हे.

एवढंच. शिव्यांचं काय करायचं
ते त्यांनी शिकवलं नाही.

चौदा वर्षांखालचा सामना,
कळंब्याच्या वाटेवरलं शाळेचं मैदान.
कुंपणापलीकडून उसाचे ट्रॅक्टर जातात,
त्यांच्या गाण्यांत माझा 'स्ट्राइक' बुडतो,
म्हणून मी हात जरा जास्तच उंच करते.
कुंपणाला लागून पंचवीसेक माणसं:
मामा, चुलते, तालमीतली दोन मोकळी पोरं,
कुणाचे तरी आजोबा, जे दर चेंडूला विचारतात
"पाठ टेकली का?"
आणि बुलेटवर आडवे बसलेले इंद्रजित साळोखे,
ज्यांचा समरजित आता बॅट घेऊन उभा आहे.

"अंपायर, चष्मा लावा!"
लावलाय. मास्कच्या आत धुकं धरतो तो.
"किती घेतलं समोरच्यांकडनं?"
दोनशे रुपये, संघटनेकडून, आणि एक कट वडा.
मनातल्या मनात मी सगळ्यांना उत्तरं देते,
मोठ्यानं देते फक्त बॉल आणि स्ट्राइक.

दोन स्ट्राइक झाले होते.
पुढचा चेंडू गुडघ्याशी आला.
वाटीच्या खाली बोटभर पोकळी असते,
तिला चाटून गेला.
समरजितनं बॅट हलवली नाही.
मी हात वर केला.

मोहोळ उठलं.
"खालनं गेला की वो! मातीतनं गेला!"
मी ब्रश काढला, फिरून पुढं आले, वाकले,
आणि बुलेटवरून आवाज आला,
"व्हय, झाडूनच काढा बाई, त्येच जमतंय तुमास्नी!"

हसले सगळे. आजोबासुद्धा.

पाच कोपरे असतात होमप्लेटला.
तिसऱ्या कोपऱ्याशी एक उत्तर अगदी ओठांवर आलं,
झक्कास होतं, आमच्या मोहल्ल्यात टाळ्या पडल्या असत्या.
पाचव्यापर्यंत शिळं झालं.
मान वर केली. समोर साळोखेच.
बघायचं तेवढं बघितलं, मास्क खाली ओढला.

समरजित हेल्मेट काढत जवळून गेला,
ओठ न हलवता म्हणाला,
"मॅडम, स्ट्राइकच होता.
पप्पांना नका सांगू."

डाव बदलताना ते जाळीपाशी आले,
जाळीत बोटं अडकवून उभे.
"शिकलगार मॅडम, खरं सांगा."
माझ्या खिशात ब्रशशेजारी
त्यांच्याच पोराची साक्ष होती.
काढली असती तर तिथल्या तिथं चितपट.
पण पोराला त्याच बुलेटवर, त्याच पाठीमागं बसून
घरी जायचं होतं.
"मी जिथनं बघितलं तिथनं स्ट्राइक दिसला," म्हणाले,
"तुमी उभारला तिथनं नसंल दिसला."
ते काहीतरी पुटपुटले. शिवीच होती, पण हळू.
हळू दिलेली शिवी मला ऐकू येत नाही.
हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, माझा आहे.

साडेपाचला गाड्यावर कट वडा खात होते,
कटाच्या तिखटानं नाक वाहत होतं.
शेजारी ते येऊन थांबले.
बराच वेळ नुसता पाव मोडत राहिले.
मग वर्तमानपत्राची गुंडाळी खांद्यावर धरली,
रस्त्यातच पाय फाकवून उभे राहिले.
"गुडघा म्हंजे," म्हणाले, "नेमका कुठला?
उभारल्यावरचा, का वाकल्यावरचा?"

मागं ट्रॅक्टर अडला. हॉर्नवर हॉर्न.
मी बोटं पुसली, फिरून त्यांच्यासमोर आले
आणि वाकले, वाटीखालची जागा दाखवायला.

बुलेटपाशी समरजित बुटाची लेस बांधत होता,
दोनदा बांधून झालेली.